आमच्या राजदूतची हिवाळी रजा

थंडी पडू लागली म्हणजे आमच्या घरात दोन गोष्टी बाहेर निघतात : ट्रंकेतला माझा लोकरी गळपट्टा आणि माझ्या मोटारसायकलीचा प्रश्न. गळपट्ट्याविषयी कोणाचे काही म्हणणे नसते. मोटारसायकलीविषयी मात्र घरातल्या प्रत्येकाचे असते. प्रश्न एवढाच, की ही गाडी थंडीत चालवावी, की चार महिने झाकून ठेवावी?

मुंबईकर वाचकांना यात प्रश्न तो काय, असे वाटेल. तिकडे स्वेटर हौसेने घालतात. आमच्या गोंदियात तो गरजेने घालावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा आठ-दहा अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो, आणि विदर्भातले सर्वांत गार ठिकाण म्हणून वर्तमानपत्रात पुष्कळदा आमच्याच गावाचे नाव छापून येते. उन्हाळ्यात चंद्रपूरने मिरवावे आणि हिवाळ्यात आम्ही, अशी ही वाटणी आहे. त्यातून आमचा मुलूख तलावांचा आणि धानाचा. दिवाळीनंतर आभाळ निरभ्र असते, रात्री जमीन भराभर निवते आणि तलावांवरून, ओल्या बांध्यांवरून धुके उठते. आमच्याकडे त्याला धुई म्हणतात. दाट धुईत शिरलेल्या माणसाला गाडीचे पुढचे चाक दिसते. त्यापुढचे देवाच्या हवाली.

आता गाडीविषयी. गाडी राजदूत, १७५ सी.सी.ची. १९८४ साली मी ती मास्तरकीच्या पगारातून हप्त्याने घेतली. तेव्हा गोंदिया हा वेगळा जिल्हा नव्हता. भंडारा जिल्ह्यातून तो निराळा झाला १ मे १९९९ रोजी. म्हणजे आमची गाडी आमच्या जिल्ह्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात नायक-नायिका जिच्यावर बसून हिंडली, ती हिची छोटेखानी धाकटी बहीण. आमची ती थोरली. खेडोपाडी दुधाच्या कॅन वाहणारी, अंगापिंडाने मजबूत, आणि ‘फट्‌ फट्‌’ असा स्वच्छ उच्चार करणारी. राजदूत बनत असे एस्कॉर्ट्‌स कंपनीच्या कारखान्यात, पण तिचे मूळ घराणे पोलंडचे. तिकडच्या एस.एच.एल. नावाच्या मोटारसायकलीचा आराखडा घेऊन ती इकडे बनू लागली. पोलंडात हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो. अशा घराण्यातल्या लेकीला आमच्या आठ अंशांची काय मातब्बरी, असा माझा पहिला मुद्दा असे. त्यावर सौ.चे उत्तर ठरलेले, “गाडी असेल पोलंडची; चालवणारा तिरोड्याचा आहे.”

गाडीपेक्षा चालवणाऱ्यालाच थंडी अधिक लागते, हे मात्र मला मान्य करावे लागते. हवा आठ अंशांची असली आणि तुम्ही ताशी ५० किलोमीटर वेगाने निघालात, की उघड्या कातडीला ती सुमारे तीन अंशांसारखी बोचते. वारा अंगाभोवतीची ऊब सतत काढून नेतो, म्हणून असे होते. यावर माझा जुना उपाय म्हणजे स्वेटर आणि सदरा यांच्यामध्ये वर्तमानपत्राची चार पाने छातीवर पसरायची. कागदातून वारा आत येत नाही. अग्रलेखाचे पान सर्वांत उबदार, असा माझा अनुभव आहे.

हे सगळे वर्षानुवर्षे थट्टेवारीत चालले होते. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्यांनी तक्रार सुरू केली आणि प्रश्नाला परदेशी पाठबळ मिळाले. आमचे चिरंजीव जर्मनीत, म्युनिकला असतात. त्यांचीही एक मोटारसायकल आहे. ऑक्टोबर सरत आला, की ते तिला झोपवतात. तिकडे हाच शब्द वापरतात म्हणे. हा झोपवण्याचा विधी त्यांनी मला फोनवरच्या चलच्चित्रातून साग्रसंगीत दाखवला. गाडी धुऊन कोरडी करायची. साखळीला तेल द्यायचे. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे आत हवा उरत नाही, हवेतली ओल टाकीच्या पत्र्यावर जमत नाही आणि गंज चढत नाही. त्या पेट्रोलात ते शिळे होऊ नये म्हणून एक औषध घालायचे. बॅटरी काढून घरात आणायची आणि अधूनमधून चार्ज करायची. चाके जमिनीवरून उचलायची. मग वर कापडी झूल. वसंत येईपर्यंत तिला हात लावायचा नाही.

यात नुसती हौस नाही, हे मी मान्य करतो. तिकडे बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. मिठाने पाणी गोठण्याचा बिंदू खाली जातो आणि रस्ता मोकळा होतो. पण तेच खारट पाणी गाडीवर उडून तिचे लोखंड खाते. शिवाय गार डांबरावर टायर कडक होतात आणि रस्ता धरत नाहीत. सरकारनेही ही रजा मान्य केली आहे. १९९७ पासून जर्मनीत हंगामी नंबरप्लेट मिळते. तिच्या कडेला दोन आकडे असतात. उदाहरणार्थ ०४ आणि १०, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. तेवढ्याच महिन्यांचा कर, तेवढ्याच महिन्यांचा विमा. उरलेल्या काळात गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणे तर सोडाच, उभी करणेही चालत नाही.

“पाहिलंत बाबा? इथली माणसं मूर्ख नाहीत,” चिरंजीव म्हणाले.

मी म्हटले, “इथली माणसेही नाहीत.” आणि त्याच जर्मनीतला दाखला मी त्यांना दिला. १९५६ साली ऐन हिवाळ्यात स्टुटगार्टजवळ मोटारसायकलवाल्यांचा एक मेळावा भरला. एर्न्स्ट लेव्हरकुस नावाच्या लेखकाने तो भरवला होता. तेव्हा ‘हिरवा हत्ती’ या टोपणनावाची एक धिप्पाड मोटारसायकल होती; तिच्यावरून मेळाव्याला ‘हत्तींचा मेळावा’ असे नाव पडले. तो अजूनही दर हिवाळ्यात बव्हेरियाच्या जंगलात भरतो. दूरदूरच्या देशांतून माणसे बर्फातून गाड्या हाकत येतात, गवताच्या पेंढ्यावर तंबू ठोकतात, शेकोट्या पेटवतात आणि चार दिवसांनी तशीच परत जातात.

“ते बाविसाव्या वर्षी जातात बाबा,” चिरंजीव म्हणाले. “तुम्ही अडुसष्टचे आहात.”

यावर मला दाखला सापडला नाही. मी सौ.कडे पाहिले. ती एरवी माझी बाजू घेत नसली, तरी थट्टा करून विषय मोडते. त्या दिवशी तिने थट्टा केली नाही. भाजी निवडता निवडता मान वर न करता ती म्हणाली, “ठेवा ना झाकून. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे.”

भाऊबीज झाली आणि मी गाडी झोपवली. विधी जर्मन, साहित्य गोंदियाचे. टाकी भरली. ते औषध आमच्या बाजारात मिळाले नाही, ते वगळले. बॅटरी काढून देवघराच्या कोनाड्याखाली लाकडी पाटावर ठेवली. गाडी मोठ्या स्टँडवर चढवून पुढच्या चाकाखाली विटा लावल्या. सायलेन्सरच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबला. धानावर झाकायची निळी ताडपत्री घरात होती, ती गाडीवर घालून सुतळीने बांधली. गाडी अशी गुंडाळलेली पाहून शेजारच्या लहान मुलाने विचारले, “आजोबा, गाडी मेली का?”

गाडीबरोबर मीही झोपलो, हे माझ्या उशिरा लक्षात आले. सकाळी स्टेशनाजवळ चहाला जायचा माझा पंचवीस वर्षांचा नेम. रिक्षा करून चहाला जाणे काही शोभेना, म्हणून तो सुटला. रविवारी आमगावला एका जुन्या सहकाऱ्याकडे जात असे. ते “पुढच्या रविवारी”वर गेले. डिसेंबर संपेतो मी ओट्यावर उन्हाला खुर्ची टाकून बसणारा म्हातारा झालो होतो. गुडघे गाडीमुळे दुखतात असे सगळ्यांचे मत होते. खुर्चीत बसूनही ते तसेच दुखत राहिले.

जानेवारीत सौ.च्या माहेराहून फोन आला. नवेगावबांधच्या अलीकडे जंगलाला लागून तिचे गाव आहे. धाकट्या मेव्हण्याने सांगितले, की यंदा शंकरपट भरतो आहे, रात्री नाटक आहे आणि भाऊजींनी आलेच पाहिजे.

झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द सांगायला हवेत. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांच्या जंगल-धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. इकडे हिवाळा हा झोपण्याचा ऋतू नव्हे. वर्षभर झोपलेली माणसे याच ऋतूत जागी होतात. धान कापून झालेले असते, हातात चार पैसे असतात. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. घरोघर पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, दिवसा शिंगाडे, ऊस आणि बांगड्यांचा बाजार आणि रात्री नाटक. पुढे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. त्यांवर बरीच वर्षे बंदी होती. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये त्या वैध ठरवल्या. पटाच्या रात्रीही नाटक असतेच. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा हे या नाटकांचे माहेरघर. कंपन्यांची कचेऱ्या तिथे. नाटक रात्री दहाच्या सुमाराला सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते. माणसे कांबळी, गोधड्या पांघरून जमिनीवर बसतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरांतल्या पुष्कळांना तिचे नाव पहिल्यांदा कळले. आम्हाला ती आमच्या आजोबांपासून ठाऊक आहे.

या पटाशी आणि या राजदूतशी माझी एक जुनी गोष्ट निगडित आहे. ती मी आजवर शंभर वेळा तरी सांगितली असेन. १९८७ चा जानेवारी. चिरंजीव दोन वर्षांचे होते, म्हणून सौ. घरी राहिली आणि मी एकटाच सासुरवाडीला पट पाहायला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा होती. सौ.ला सांगून गेलो होतो, “पहाटे तीनपर्यंत येतो.” रात्री एकला नाटक अर्ध्यावर टाकून निघालो. कोहमाऱ्याचा चौक ओलांडला आणि धुई दाटली. राजदूतचा दिवा इंजिनाच्या जोरावर. वेग कमी केला की तोही मंदावतो, आणि मोठा करावा तर सगळा उजेड धुईवर आपटून डोळ्यांत परत येतो. अंगात कापरे, बोटांना ब्रेक कळेना. तेवढ्यात रस्त्याच्या कडेला शेकोटी दिसली. धानाचे पुंजणे राखायला बसलेले दोघे-तिघे शेतकरी होते. त्यांतला एक म्हातारा म्हणाला, “काहाले जाता जी गुर्जी या धुईत? बसा आगीपासी. उजेड पडू द्या.” मी बसलो. तणशीवर बसून त्यांच्या गप्पा ऐकल्या, त्यांनी निखाऱ्यात भाजलेली रताळी खाल्ली. सूर्य वर आला, धुई विरली आणि नऊ वाजता मी घरी पोचलो. शाळा बुडालीच होती. सौ.ने पुढ्यात चहा ठेवला. तसा घट्ट दुधाचा, सायीचा चहा आयुष्यात पुन्हा प्यालो नाही, असे म्हणून मी गोष्ट संपवीत असे. ऐकणारे माना डोलवीत.

मेव्हण्याचा फोन ठेवला आणि मी ताडपत्री सोडली.

आतला देखावा पाहून माझे मन चरकले. ताडपत्रीला आतून दवाचे थेंब लटकत होते. म्युनिकमधली झूल कापडी आणि गॅरेज कोरडे. माझी ताडपत्री प्लास्टिकची आणि गाडी पडवीत. जमिनीची ओल रात्रभर आत कोंडत होती. हँडलच्या चकाकीवर गंजाचे ठिपके उठले होते. किक मारली. एक नाही, दोन नाही, तीस मारल्या. चोक ओढला, म्हणजे हवेची वाट कोंडून पेट्रोलाचे प्रमाण वाढवले. गार हवेत पेट्रोलाची वाफ नीट होत नाही, म्हणून हा उपाय. पण गाडीने हूं की चूं केले नाही.

शेवटी मिस्त्रींना बोलावले. त्यांनी एअर फिल्टरचे झाकण उघडले, तर आत उंदराचे घरटे. तणीस, कोंडा, आणि माझ्याच गळपट्ट्यासारखी कसली तरी लोकर. मी सायलेन्सरचे तोंड बंद केले होते आणि हवेचे उघडे ठेवले होते. गोंदिया हे भातगिरण्यांचे गाव. इथल्या उंदरांना घर बांधायला साहित्य कमी नाही. मग त्यांनी कार्बोरेटर सोडला. त्याच्या बारीक छिद्रांत डिंकासारखा चिकट थर बसला होता. “गुरुजी, हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल आहे,” ते म्हणाले. “ते हवेतलं पाणी ओढतं. जुन्या गाडीत ते जास्त दिवस ठेवू नये.”

“मग आठवड्यातून एकदा पाच मिनिटे जागच्या जागी चालू करून ठेवली असती तर?” मी विचारले.

“ते तर आणखी वाईट. इंजिन पुरतं तापत नाही, आणि सायलेन्सरात पाणी साचून तो आतून कुजतो. ठेवायची तर नीट कोरडी करून ठेवा, टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून. नाहीतर दोन दिवसांआड दहा-पंधरा किलोमीटर चालवा. मधलं काही नको. आणि टायरची हवा बघत जा; पारा पाच-सहा अंश उतरला की एक पौंड कमी होते.”

दोन तासांनी गाडी बोलली. ‘फट्‌ फट्‌ फट्‌’ असा आवाज अंगणात घुमला, निळा धूर पसरला. मला इतका आनंद झाला, की मी आत जाऊन म्हणालो, “झाली सुरू! उद्या पटाला जातो. रात्री नाटक बघून परत.”

सौ. ओट्याशी उभी होती. तिच्या हातात पोळपाट होते. ते तिने खाली ठेवले आणि म्हणाली, “तुमची ती शेकोटीची गोष्ट मी फार वेळा ऐकली. आज माझी ऐका.”

आणि तिने सांगितले. त्या रात्री मुलाला ताप होता. तीन वाजले, साडेतीन वाजले. वीज गेलेली. फोन कोणाकडे नव्हता, आणि असता तरी करायचा कोणाला? चार वाजता ती कंदील घेऊन दाराशी बसली. एकेक ट्रक रस्त्यावरून गेला, की ती उठून उभी राहायची. पाचच्या सुमाराला धुईतून राजदूतचा आवाज आला. तोच आवाज. ती मुलाला खाटेवर टाकून तशीच अनवाणी रस्त्यावर धावली. कंदील वर धरला. धुईतून गाडी निघाली. तिच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन. गवळी थांबला आणि म्हणाला, “बाई, दूध पाहिजे का?”

“काय बोलावं ते सुचेना,” सौ. म्हणाली. “मी आत गेले, पातेलं आणलं आणि दोन लिटर दूध घेतलं. दोन लिटर! घरात माणसं तीन, त्यातलं एक धुईत. त्या दुधाचा चहा तुम्ही प्यालात. छत्तीस-सदतीस वर्षं लोकांना सांगता, किती घट्ट होता म्हणून.”

मी खाली बसलो. इतक्या वर्षांत मी तिला विचारले नव्हते, की त्या दिवशी घरात इतके दूध कसे होते. मला वाटत आले, की तिचा विरोध थंडीला आहे. म्हणून मी तिला पोलंडचे घराणे सांगत होतो, वर्तमानपत्राच्या पानांची ऊब सांगत होतो. तिचे भांडण थंडीशी नव्हतेच. वाट पाहण्याशी होते.

मग मीही एक गोष्ट सांगितली. ती माझ्या शेकोटीच्या गोष्टीत कधी नसे. शेकोटी दिसली म्हणून मी थांबलो, असे मी सांगत आलो होतो. खरे असे, की शेकोटीच्या शंभर पावले अलीकडे धानाने भरलेली एक बैलगाडी रस्त्यात उभी होती. तिला कंदील नव्हता. ती मला दिसली तेव्हा हात लांब केला असता तर बैलाच्या शिंगाला लागला असता. गाडी घसरून मी कडेच्या बांधीत गेलो. लागले काही नाही, पण पाय लटपटत होते. शेकोटीपाशी मी थंडीने कापतो आहे, असे त्या म्हाताऱ्याला वाटले. मीही वाटू दिले.

सौ. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे मी उगाच घाबरले नव्हते.”

“नाही,” मी म्हटले.

त्या संध्याकाळी आमच्या घरात थंडीतल्या गाडीचा कायदा झाला, आणि तो चिरंजीवांना फोनवरून कळवण्यात आला. ऊन चांगले वर येऊन रस्ता दिसू लागल्यावाचून निघायचे नाही. दिवे लागायच्या आत पोचायचे. नाटक पाहायचे तर मुक्काम तिथेच करायचा. झाडीपट्टीत नाटकाला आलेला पाहुणा रात्री परत जातो, हाच मुळी त्या घराचा अपमान आहे. गाडी दोन दिवसांआड चालवायची. शेवटचे कलम सौ.ने घातले, “आणि मी मागे बसणार.”

“तू?”

“माहेर माझं आहे.”

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही निघालो. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. तिचा अंबाडा त्यात मावेना, म्हणून वेणी घालावी लागली. किती वर्षांनी तिला वेणीत पाहिले, ते मी तिला सांगितले नाही. पाठीमागे तिने शाल गुंडाळलेली, छातीवर मी अग्रलेख पसरलेला. गोरेगावला पाय मोकळे करायला थांबलो, कोहमाऱ्याला पुन्हा थांबलो. पासष्ट-सत्तर किलोमीटरांना आम्ही पावणेतीन तास घेतले. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या पिवळ्या बांध्या, मळणीची गर्दी, जंगल लागले की अंगावर येणारा गारवा आणि जंगल संपले की पाठीवर ऊन. थंडीत गाडी चालवण्याचे सुख हेच आहे, की उन्हाची किंमत कळते. खुर्ची टाकून बसल्याने ती कळत नाही.

रात्री नाटक पाहिले. खलनायक पडला तेव्हा पहाट झाली होती. बाहेर धुई इतकी दाट, की मंडपाचा खांब दिसेना. मेव्हण्याच्या ओसरीवर आम्ही चहा घेत बसलो. घाई नव्हती. नऊला धुई उठली, तेव्हा तलावाकडे चक्कर मारली. पाण्यावर बदकांचे थवे उतरले होते. हिवाळ्यात हिमालय ओलांडून तिबेटाकडचे पट्टकादंब विदर्भातल्या तलावांवर येतात. आपण ज्या थंडीला भिऊन गाड्या झाकतो, ती त्या पाखरांना उबेची वाटते. सौ. म्हणाली, “एवढ्या लांबून येतात, पण बघा, एकटं कोणी येत नाही.”

परतताना कोहमाऱ्याच्या पुढे मी गाडी थांबवली. ती जागा नेमकी कोणती, हे आता सांगता येत नाही. रस्ता रुंद झाला आहे, शेकोटीवाला म्हातारा कधीच गेला असेल. एका टपरीवर चहा घेतला. पातळ होता, साखर फार होती. दोघांनीही पूर्ण प्यालो.

झाकून ठेवण्याला माझा विरोध नाही. ज्यांच्या रस्त्यावर मीठ पडते, त्यांनी जरूर झाकावी, नीट कोरडी करून झाकावी. आमच्या चिरंजीवांची गाडी यंदाही झोपेल, आणि ते बरोबरच आहे. पण आमच्या मुलखात हिवाळा हा माणसांकडे जाण्याचा काळ आहे. इथे गाडी झाकायची नसते. वेळ पाळायची असते. एवढे कळायला मला एक उंदीर, एक मिस्त्री आणि दोन लिटर दूध लागले.

यंदा थंडी पडू लागेल, तेव्हा आमची ट्रंक नेहमीप्रमाणे उघडेल. प्रश्न मात्र बाहेर निघायचा नाही. गळपट्टे दोन निघतील; दुसरा सौ.ने दसऱ्यालाच विणायला घेतला आहे.